बळवंतच्या अक्षरातली सूचना

१

समोरचा माणूस काय लपवतोय, याचा अंदाज तो दारात चप्पल काढेपर्यंत बांधून मोकळं व्हायचं, ही रत्नप्रभा परुळेकरांची जुनी खोड. विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. जळालेली गोदामं, भिजलेला माल, चोरीला गेलेले आणि मग मावशीच्या कपाटात सापडलेले दागिने, सगळं बघून झालं होतं. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात. यांनी मात्र संशय काही सोडला नाही. भाजीवालीने आपणहून दोन मिरच्या जास्त घातल्या, की या कोथिंबिरीची जुडी उलटून बघत. उडत्या पाखराची पिसं मोजणारी बाई, असं कांदिवलीच्या त्यांच्या सोसायटीत म्हणत, आणि ते कानावर आलं की त्यांना बरं वाटे.

त्यामुळे चौथ्या मजल्यावरचा सुयोग शनिवारी सकाळी दारात आला, तेव्हा त्याने एकच चप्पल काढलीय आणि दुसरी पायातच आहे, हे त्यांनी आधी टिपलं.

"काकू, माझं नाव पोलिसात चाललंय," तो म्हणाला.

सुयोगचं अंधेरीत लहानसं ऑफिस होतं. दुकानांच्या पाट्या, मालाची पाकिटं, धंद्याची बोधचिन्हं तो करून द्यायचा. त्याने मोबाईल पुढे केला. पडद्यावर एक आडवी सूचना होती. पांढऱ्या जमिनीवर निळी, भरदार, किंचित मागे रेललेली अक्षरं: "पाकिटातला बोंबील सध्या कुणी घेऊ नये. घेतला असेल तर परत द्यावा. सोडे आणि जवळा चांगला आहे. सखुबाई बळवंत कोळी." उजवीकडे वरच्या कोपऱ्यात पिवळ्या-नारिंगी रंगाचा एक ठिपका होता. तो कसला, असं त्यांनी विचारलं. डाग असेल कसला तरी, असं सुयोग म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. मढची समीक्षा कोळी आजीच्या नावाने सुकी मासळी विकते. 'सखुबाई' हे नाव, पाकिटावर आजीचा हसरा चेहरा. समीक्षाचे आजोबा बळवंत होड्यांवर नावं रंगवायचे. ते गेले, पण त्यांनी रंगवलेली नावं किनाऱ्यावरच्या होड्यांवर अजून आहेत. सुयोगने त्यांचे फोटो काढले, एकेक अक्षर वेगळं केलं, आणि त्यांचा फॉन्ट बनवला. इंटरनेटवर पाकिटं-जाहिराती बनवायचं जे साधन समीक्षा वापरते, त्यात तो चढवला. आता टाइप करायचा अवकाश, अक्षर बळवंतचं उमटतं. जगात दुसऱ्या कुणाकडे ते अक्षर नाही, म्हणून तर लोक लांबून पाकीट ओळखतात.

"म्हणूनच लोकांनी सूचनेवर विश्वास ठेवला," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

तसंच झालं होतं. कुणीतरी ही सूचना मोबाईलवर सोडली आणि ती गटागटातून फिरत सुटली. पुढे सांगणाऱ्यांनी त्यात औषधाची फवारणी घातली, विषबाधा घातली. सोमवारी बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत दुकानं असलेल्या एका कंपनीशी समीक्षाचा करार व्हायचा होता. कंपनीने तो थांबवला. हे कुणी केलं ते उद्यापर्यंत सांगा, बाहेरच्याचा खोडसाळपणा असेल तर आमची हरकत नाही, पण तुमच्या घरातच गोंधळ असेल तर आमच्या फळीवर तुमचा माल नको, असा निरोप आला होता.

रत्नप्रभाबाईंना फॉन्टमधलं काही कळत नव्हतं, पण प्रश्न विचारायला ज्ञान लागत नाही. जुन्या जाहिरातींतून अक्षरं कापून कुणी जोडली नसतील कशावरून? सुयोगने सूचना मोठी करून दाखवली. कापून जोडलं असतं तर शिरोरेषा जागोजागी तुटली असती. इथे ती एका दमात ओढल्यासारखी अखंड होती. हे टाइप केलेलंच होतं.

"आणि टाइप कोण करू शकतं?"

"समीक्षाच्या खात्यात आम्ही तिघंच आहोत. ती, तिचा भाऊ कृणाल आणि मी."

म्हणजे खोलीला आतून कडी आणि आत तिघं. रत्नप्रभाबाईंनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. तिघांतला एक आपल्याच खुर्चीत बसून बिस्कीट बुडवतोय, हे त्या विसरल्या नव्हत्या.

२

मालाडहून मढला बस जाते. सुयोग वाटभर बोलत होता आणि रत्नप्रभाबाई खिडकीतून बघत होत्या. गावाजवळ एका बंगल्यावर शूटिंग चाललं होतं. पुढे किनाऱ्याच्या अंगाला बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांड्या उभ्या होत्या. रांगच्या रांग, आणि एकीवरही बोंबील नव्हता. परुळेकरांचं घराणं मूळ मालवणकडचं, वडील गिरणीत. मासळीच्या बाबतीत बाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. ऐन डिसेंबरात वलांड्या मोकळ्या बघून त्यांना जरा चुकल्यासारखं वाटलं.

समीक्षा तरतरीत मुलगी. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची आणि हातातल्या फोनवर उत्तरंही लिहायची. सुयोगला तिने आत यायला सांगितलं नाही, तो अंगणातच उभा राहिला. वलांड्या रिकाम्या कशा, असं रत्नप्रभाबाईंनी सहज विचारलं. यंदा बोंबील जाळ्यात आलाच नाही, असं ती म्हणाली आणि लगेच सूचनेवर आली.

तिचा संशय सुयोगवर होता. का, तर नव्या पाकिटांचं काम तिने त्याच्याऐवजी एका मोठ्या जाहिरात कंपनीला द्यायचं ठरवलं होतं. ते त्याला लागलं होतं. हे सुयोगने कांदिवलीत सांगितलं नव्हतं. रत्नप्रभाबाईंनी दारातून अंगणाकडे नजर टाकली. तो चपलेच्या टोकाने वाळू उकरत होता.

"आणि भाऊ?"

समीक्षाने पहिल्यांदाच फोन खाली ठेवला. कृणालशी तिचं महिनाभर धड बोलणं नव्हतं. माल पोहोचवायचं काम त्याचं, पण करारानंतर ते कंपनीच्या गाड्या करणार होत्या. सूचना फिरली त्या दिवशीच तिने त्याच्याकडून गोदामाची किल्ली काढून घेतली होती. घरचा भेदी लंका दाहे, असं तिनेच म्हटलं आणि म्हणून झाल्यावर ओठ चावला.

सूचना मुळात आली कुठून, याचा माग तिने काढून पाहिला होता. पाठवणाऱ्याला पाठवणारा असं करत ती कांदिवलीच्या बाजारापर्यंत पोहोचली, तिथे धागा तुटला. बाजारात रोज शंभर बायका उभ्या असतात. कुणाकुणाला विचारणार?

ओट्यावर सखुबाई बसल्या होत्या. पाकिटावरचा चेहरा तोच, फक्त हसू नव्हतं. नऊवारी कोळी लुगडं, कपाळ मोकळं. त्यांनी पाहुणीला चहा दिला, कुठल्या तुम्ही, असं विचारलं. सूचना वाचलीत का, असं रत्नप्रभाबाईंनी विचारलं तेव्हा म्हाताऱ्या बाईने मान हलवली.

"वाचली. अक्षर यांचाच हाय," एवढंच त्या बोलल्या आणि नवऱ्याचं नाव न घेता समुद्राकडे हात केला.

गोदाम म्हणजे घरामागची पत्र्याची लांब खोली. समीक्षाने दार उघडलं. पाकिटांचे खोके छपरापर्यंत रचलेले होते. सोड्यांचे थोडे, जवळ्याचे थोडे. बाकी सगळे बोंबलाचे.

रत्नप्रभाबाईंनी खोक्यांकडे पाहिलं, समीक्षाकडे पाहिलं, आणि दार ओढून घेतलं.

३

कृणाल जेट्टीवर सापडला. पंचविशीचा, रापलेला, बोलायला तुटक. रत्नप्रभाबाई दिसताच त्याने मोबाईल खिशात टाकला, आणि तोही पडदा बंद करून. असल्या हालचाली बघण्यात बाईंची हयात गेली होती.

त्याने सगळ्यावर कानावर हात ठेवले. सूचना त्याने केली नाही, कुणी केली ठाऊक नाही, करार झाला काय आणि न झाला काय, त्याला फरक पडत नाही. किल्ली काढून घेतली त्याबद्दल मात्र बोलताना त्याचा आवाज चिरकला. बहिणीने पोलिसात जायची धमकी दिली, यापेक्षा आजीसमोर दिली याचं त्याला दुःख होतं.

"ताई म्हणते अक्षर आपल्या तिघांकडेच आहे, म्हणजे तिघांतलाच एक," तो म्हणाला. "तिला वाटतं तसं असेल."

"तुला तसं वाटत नाही?"

यावर तो जेट्टीला बांधलेल्या होडीचा दोर ओढून बघू लागला. त्याच्या ओठात एक आणि पोटात एक होतं, पण ते नेमकं काय, याचा पत्ता त्याने लागू दिला नाही.

परतीच्या वाटेवर त्यांनी सुयोगला धरलं. नव्या पाकिटांचं काम हातून गेलं हे आधी का नाही सांगितलंस? तो गडबडला. तेवढ्यात त्याच्या फोनवर निरोप वाजला, आणि रत्नप्रभाबाईंनी शिष्टाचार बाजूला ठेवून तो वाचला. चेंबूरच्या एका खानावळवाल्याने विचारलं होतं, ते होडीवालं अक्षर आम्हाला कधी देताय?

सुयोग पांढरा पडला. नमुना म्हणून दाखवलं होतं, दिलेलं नाही, असं तो शपथेवर सांगू लागला. आजोबांचं अक्षर दुसऱ्याला विकायचं नाही असं समीक्षाशी ठरलं होतं. पण काम गेल्यावर रागाच्या भरात मनात आलं, आणि मग धीर झाला नाही.

"धीर झाला नाही की वेळ मिळाला नाही?"

"काकू, तुम्हीसुद्धा?"

रत्नप्रभाबाईंनी चालायचा वेग वाढवला. त्यांना त्याची दया आली होती. पण दया येणं आणि विश्वास बसणं या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एकाने विकायचा विचार केला, दुसरा फोन लपवतो, तिसरी रिकाम्या वलांड्यांच्या गावात बोंबलाचे खोके रचते. तिघंही काही ना काही दडवत होती. आणि तरी सूचना त्यांच्यापैकी कुणाच्याच अंगाला बसत नव्हती.

कारण ती सूचनाच विचित्र होती. खोटा दावा करणारा माणूस घर भरून नुकसान सांगतो. टीव्ही गेला, फ्रिज गेला, गाद्या गेल्या. खरं नुकसान झालेला मात्र म्हणतो, कपाट भिजलं, बाकी देवाच्या दयेने ठीक आहे. समीक्षाला बुडवायला निघालेल्याने 'सोडे आणि जवळा चांगला आहे' असं कशाला लिहावं? शत्रू कधी उरलेल्या मालाची हमी देतो का?

विचार करत त्या बसथांब्याकडे वळल्या आणि कोपऱ्यावर त्यांचे पाय थबकले. सकाळी येताना इथे काही नव्हतं; आता गल्लीच्या तोंडावर भला मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर निळी, भरदार, किंचित मागे रेललेली अक्षरं होती.

४

फ्लेक्स विशाल नावाच्या मुलाच्या हळदीचा होता. नवऱ्याचा काळा चष्मा घातलेला फोटो, वर झेंडूचं तोरण, आणि खाली निमंत्रकांची ही भली मोठी रांग. गावातलं एकही नाव सुटलं नसावं. आणि सगळं बळवंतच्या अक्षरात.

सुयोगने आ वासला. हे त्याने केलं नव्हतं. रत्नप्रभाबाईंनी त्याला मोबाईलवरची सूचना काढायला सांगितली आणि ती फ्लेक्सच्या शेजारी धरली. समीक्षाच्या सगळ्या जाहिराती मोबाईलच्या मापाच्या, चौकोनी किंवा उभ्या असत. ही सूचना आडवी होती, नेमकी फ्लेक्ससारखी. आणि उजव्या कोपऱ्यात सुयोगला जो डाग वाटला होता, तिथेच फ्लेक्सवर तोरणाचं शेवटचं झेंडूचं फूल होतं.

"कुणीतरी या फ्लेक्सवरचं सगळं पुसून त्या जागी सूचना लिहिली," त्या म्हणाल्या. "एक फूल पुसायचं राहिलं."

कृणालला दुसऱ्यांदा गाठल्यावर त्याने फार ताणलं नाही. विशाल त्याचा चुलतभाऊ. आजोबांच्या नातवाच्या हळदीला आजोबांचं अक्षर नको, तर कुणाचं हवं? समीक्षाची सक्त ताकीद होती की धंद्याचं अक्षर घरच्या कामाला वापरायचं नाही. त्याने ते गुपचूप वापरलं. म्हणून तो फोन लपवत होता.

खरी गोम पुढेच होती. गेल्या वर्षी एका हळदीच्या फ्लेक्सवर एका घराचं नाव राहिलं. दुसऱ्या घराचं फार खाली गेलं. दोन्ही घरं जेवायला आली नाहीत, आणि लग्नघराशी त्यांचं अजून बोलणं नाही. यंदा ते खापर आपल्या डोक्यावर नको, म्हणून कृणालने शहाणपणा केला. फ्लेक्सचा कच्चा आराखडा दुरुस्तीला खुला ठेवला आणि त्याची लिंक भावकीच्या मोबाईल-गटात टाकली; धंद्याच्या गडबडीत समीक्षा त्या गटातून केव्हाच बाहेर पडली होती. ज्याने त्याने आपलं नाव आपल्या हाताने लिहावं. ज्याच्याकडे लिंक, त्याच्या हाती बळवंतचं अक्षर. सगळ्यांनी लिहिलं. पहिल्यांदाच कुणी रुसलं नाही.

सुयोगने कपाळाला हात लावला. इतकी मेहनत करून बनवलेलं अक्षर, त्याला कडीकुलपात ठेवलं, आणि मानपानापायी अख्ख्या भावकीला किल्ली वाटली गेली होती.

"किती माणसं आहेत त्या गटात?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

कृणालने फोन काढून दाखवला. तिघांची बंद खोली बघता बघता अख्ख्या गावाची झाली होती.

५

दुसरा कुणी असता तर इथे खचला असता. रत्नप्रभाबाईंना मात्र हुरूप आला. गर्दीतून माणूस शोधायचा तर माणसाकडे नाही, गोष्टीकडे बघायचं, हे त्यांना माहीत होतं. ज्याने सूचना लिहिली त्याला बोंबलाचं काहीतरी ठाऊक होतं, आणि ते सोड्यांचं किंवा जवळ्याचं नव्हतं. तेव्हा त्यांनी विचारलं, पाकिटांसाठी बोंबील वाळवतं कोण?

चार बायका, असं कृणाल दुसरीकडे बघत म्हणाला. तिघी कामाला बाहेरून येणाऱ्या. चौथी कमल, नात्याने त्यांची काकी. भावकीच्या गटात ती एकटीच. ती सकाळी कांदिवलीच्या बाजारात ताजी मासळीही विकते.

कांदिवलीचा बाजार ऐकताच सुयोगने मान वर केली. रत्नप्रभाबाई तोवर चालू लागल्या होत्या.

कमल दारात जाळं पसरून बसली होती. वलांड्या रिकाम्या कशा, हाच प्रश्न त्यांनी तिलाही विचारला. पण उत्तर वेगळं आलं. बोंबील यंदा मायंदळ आला, असं कमल म्हणाली. पण गणपतीनंतर समीक्षाने घेणं बंद केलं. म्हणाली, तुमचा माल लहानमोठा, कंपनीला एका मापाचा हवा, आणि बारा महिने हवा. तेव्हापासून ट्रक येतो, गोदामात रिता होतो आणि जातो. कुठून येतो, कमलला ठाऊक नाही. गुजरातेकडून, असं लोक बोलतात. या बायका आता फक्त पाकिटं भरतात. कमलने सांगितलं ते चहाडी करावी तसं नाही, हवापाण्याचं सांगावं तसं.

मग पाकिटावर 'मढचा बोंबील, सखुबाईच्या हातचा' असं का लिहिलंय, हे विचारायची गरजच उरली नाही.

रत्नप्रभाबाईंनी मोबाईल पुढे धरला. "ही तुमचीच ना, कमलबाई?"

कमलने सूचना वाचली. हसली नाही, घाबरली नाही. बाजारातल्या गिऱ्हाइकांना पाठवलीत की नाही, यावर ती म्हणाली की हो, पाठवली, त्यात चोरी कसली. पण लिहिलीत का, यावर तिने जाळ्याची गाठ मारून होईपर्यंत वेळ घेतला.

"बाय, मी लिवली असती तर खाली माजा नाव असता. मी काय नाव घालाया भितंय?"

रत्नप्रभाबाईंनी मोबाईल परत घेतला. सूचना त्यांनी पन्नासदा वाचली होती. सगळ्यांनीच वाचली होती, आणि सगळे अक्षरांकडेच बघत राहिले होते. अक्षर कुणाचं, अक्षर कुणाकडे, अक्षर कसं गेलं. शेवटच्या ओळीकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

"सुयोग," त्या हळूच म्हणाल्या, "समीक्षाच्या जाहिरातीवर खाली काय लिहिलेलं असतं?"

"सखुबाई, मढ. नेहमी तेवढंच."

"कधीच पूर्ण नाव नाही?"

"नाही," सुयोग म्हणाला, आणि मग त्याचाही चेहरा बदलला.

६

रविवारी दुपारी सगळे समीक्षाच्या घरी जमले. सुयोगला तिने आत घेतलं, पण खुर्ची दिली नाही. कृणाल खिडकीशी उभा होता. सखुबाई खाली पाट घेऊन बसल्या होत्या. करार थांबवलेल्या कंपनीच्या देवेशचा फोन कुठल्याही क्षणी येणार होता, आणि मोबाईल टेबलावर समीक्षाच्या हाताशी होता.

रत्नप्रभाबाईंनी फार सजवून सांगितलं नाही. हळदीचा फ्लेक्स, भावकीला वाटलेली लिंक, राहिलेलं झेंडूचं फूल. समीक्षाने भावाकडे असं बघितलं की कृणालने मान खाली घातली. पण तिच्या खांद्यावरचं ओझंही उतरलं. म्हणजे अक्षर कुणाच्याही हाती लागू शकत होतं. म्हणजे घरातला गोंधळ नव्हे.

"मॅडम, कंपनीला एवढंच लिहून द्या ना," ती म्हणाली. "लिंक उघडी होती, कुणी बाहेरच्याने गैरफायदा घेतला. यात खोटं काही नाही."

हाच क्षण रत्नप्रभाबाईंना नको होता. पोरगी त्यांना आवडली होती. एवढ्याशा घरातून तिने एवढं उभं केलं होतं, आणि ते मोडायची त्यांना हौस नव्हती.

"आमच्याकडे पहिला नियम असा होता," त्या म्हणाल्या, "की दावा करणाऱ्याचं घर आधी बघायचं. तू म्हणालीस, बोंबील आला नाही. कमल म्हणते, मायंदळ आला. वलांड्या रिकाम्या आणि गोदाम भरलेलं. सूचना लिहिणाऱ्याला हे ठाऊक होतं. म्हणून त्याने बोंबलावरच बोट ठेवलं, बाकीच्या मालाला चांगलं म्हटलं. तुला बुडवायचं असतं तर तसं म्हटलं नसतं."

समीक्षाची नजर गोदामाकडे गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं तिच्या चेहऱ्यावर उमटलं होतं. मग ती भराभर बोलू लागली. कंपनीला सारख्या मापाचा माल हवा होता. दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न होता. करार झाला की मोठी वाळवणयंत्रं आणली असती, कमलकाकीला पुन्हा काम दिलं असतं, सगळ्यांचं भलं झालं असतं. बाहेरचा बोंबील काही वाईट नव्हता, तिने स्वतः खाऊन पाहिला होता.

"वाईट आहे असं सूचनेतही नाही," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "घेऊ नये, परत द्यावा, एवढंच आहे. विष लोकांनी घातलं. आणि खाली नाव आहे. खोटं लिहिणारा तुझ्या पाकिटाची नक्कल करतो, सखुबाई, मढ, असं लिहितो. स्वतःचंच नाव लिहिणारा माणूस ते पुरतं लिहितो. सखुबाई बळवंत कोळी. हळदीच्या फ्लेक्सवरही तसंच आहे, दुसऱ्या ओळीत. आपण सगळे सही कुणी खोटी केली ते शोधत बसलो. सही खरीच होती."

समीक्षा सावकाश आजीकडे वळली.

सखुबाईंनी लपवायचा प्रयत्न केला नाही. फ्लेक्सवर नाव लिहिताना त्यांना कळलं होतं की मोबाईलला बोललं की तो लिहितो, आणि लिहितो ते नवऱ्याच्या अक्षरात. फ्लेक्सवरचं सगळं पुसून त्यांनी मनातलं बोलून पाहिलं. पडद्याचं चित्र कसं काढायचं ते कमलने दाखवलं, पाठवलंही तिनेच. मग फ्लेक्स होता तसा करून ठेवला.

"माजा तोंड हाय त्या पाकिटावर," त्या म्हणाल्या. "बाजारात बाया मना इचारतात, सखुबाय, तूच वाळवलास ना? मी हो बोलते. रोज बोलते."

"मग मला सांगायचंस ना आजी." समीक्षा म्हणाली. "घरातल्या घरात. मी ऐकलं नसतं का? साऱ्या मुंबईला सांगितलंस आणि मला नाही?"

सखुबाईंनी नातीकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच बघणाऱ्यांना जड गेलं.

"तुना सांगितला असता, तर तू मना समजावला असतास. लानपनापासून तू समजावतंस आनि मी हो बोलते. शाळा सोडलीस तवा हो बोलली. माजा नाव पाकिटावर घातलास तवा हो बोलली. यालाबी हो बोलली असती, पोरी. तुना नाय म्हनाया मना जमला नाय कदी. म्हनून लोकांना सांगितला."

समीक्षा खाली बसली, आजीच्या पाटाजवळ, फरशीवरच. लहान मुलासारखी रडली नाही. पण तोंडावर हात घेऊन कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. कृणाल खिडकीपासून दोन पावलं पुढे आला आणि थांबला. रत्नप्रभाबाईंनी आयुष्यभरात पुष्कळ खोटे पकडले होते. खरं बोलणारं माणूस पकडून दिल्याचा त्यांना आज पहिल्यांदाच त्रास झाला.

टेबलावर फोन वाजला. पडद्यावर देवेशचं नाव.

लिंकचं सांगितलं तर अजून सगळं वाचत होतं. ते खोटंही नव्हतं. हे समीक्षाला ठाऊक होतं आणि खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणीही तिला काही सुचवलं नाही. तिने फोन उचलला, डोळे पुसले आणि आवाज सरळ केला.

"देवेश, ती सूचना खरी आहे," ती म्हणाली. "बोंबील आमचा नाही, बाहेरचा आहे. आम्ही सगळी पाकिटं परत घेतोय."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ती ऐकत राहिली. करार गेला हे तिच्या चेहऱ्यावरूनच सगळ्यांना कळलं. मग तिने भावाकडे पाहिलं, सुयोगकडे पाहिलं, आणि शेवटी आजीकडे.

"नाही, माझ्या भावाने नाही, सुयोगनेही नाही," ती म्हणाली. "जिच्या नावाचा माल आहे, तिनेच पाठवली."

पलीकडचं बोलणं संपेपर्यंत तिने फोन कानापासून काढला नाही.